लाइटनिंग कॉल

आमच्याकडे दोन मुलं आहेत. त्यांची शाळेतली नावं आम्ही नवरा-बायकोने दोन महिने पुस्तकं चाळून शोधली होती. आईने ती बारशाच्या दिवशीच नापास केली. "नाव कसं हवं? चौकातून हाक मारली तर घरापर्यंत पोचलं पाहिजे." त्यामुळे थोरला झाला बंडू (वय तेरा) आणि धाकटी ठमी (वय सात). मित्रांसमोर आजीने 'बंडू' म्हटलं की बंडूचे कान लाल होतात. पण भाजणीचं थालीपीठ हवं असलं की हाच बंडू मुकाट ओ देतो.

आई आमच्याकडे पुण्याला आली ती २०१९ च्या ऑगस्टात. सांगलीत महापूर आला आणि कृष्णामाई थेट गावभागातल्या आमच्या स्वयंपाकघरात आली. "घर वाळेपर्यंत राहीन म्हणते," असं सांगून आई दोन पिशव्या घेऊन आली. भिंती वाळल्या, नवा रंगही झाला. मग २०२० चा लॉकडाऊन आला. मग ठमीची शाळा सुरू झाली... आमचं घर अजून वाळतंय.

तर आईबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आई टेलिफोन ऑपरेटर होती. १९७२ साली, बावीस वर्षांची असताना, ती पी अँड टी खात्यात लागली आणि सांगलीच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बसली. डोक्याला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात कॉर्ड. आमच्या लहानपणी गावातल्या अर्ध्या दुकानदारांना ती आवाजावरून ओळखायची. कोणाचा मुंबईचा माल अडकलाय, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, तिला सगळं ठाऊक असायचं. पण तोंडातून अवाक्षर नाही! "आपण फक्त जोडून द्यायचं. ऐकायचं नाही," असं ती म्हणायची. न ऐकता इतकं कसं ठाऊक असायचं ते विचारलं की "कानावर पडायचं" म्हणायची.

मुलांना हे सगळं परीकथेसारखं वाटतं. एकदा ठमीने बराच वेळ विचार करून विचारलं, "म्हणजे आजी, लोक तुला सांगायचे आणि तू लावून द्यायचीस? म्हणजे तू अलेक्सा होतीस?"

"होय. पण मला पेन्शन आहे," आई म्हणाली.

आमच्या हॉलमधल्या अलेक्साशी ती 'अहो-जाहो' करते, हेही सांगून ठेवतो. "अहो बाई, जरा भीमसेन लावता का?" मी म्हटलं, आई, ते मशीन आहे. त्यावर उत्तर असं, "ड्यूटीवर आहे ना? ड्यूटीवरच्या बाईला अगं-तुगं करत नाहीत."

आता खरं सांगायचं तर आमचं घरही तिने एक्स्चेंजसारखंच चालवलंय. मी हिंजवडीला, बायको खराडीला, म्हणजे पुण्याची दोन टोकं! हल्ली दोघंही आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करतो. पण ते दिवस कधी एक येत नाहीत आणि आले तरी दोन खोल्यांत दोन मीटिंगा चालू असतात. त्यामुळे आमचे निरोप आईमार्फत जातात. "त्याला सांगा, दूध संपलंय." "तिला सांग, मला सातपर्यंत कॉल आहे." मधे आई. जोडून देते. कधीकधी निरोपातला राग मधल्यामधे गाळूनही टाकते, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.

मुलांसाठी तर पूर्ण नियमावली आहे. ट्रंक कॉलचे पूर्वी तीन प्रकार असायचे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. ऑर्डिनरी म्हणजे बुक करा आणि वाट बघत बसा. अर्जंटला जास्त पैसे. आणि लाइटनिंग सगळ्यात महाग, पण इतरांच्या आधी लागणार. मुलांनी आतल्या खोलीतून "आजीSSS" अशी हाक मारली की आई जागची न हलता विचारते, "ऑर्डिनरी का लाइटनिंग?" माझा चेंडू कुठाय, हा ऑर्डिनरी. दादाने मारलं, हा अर्जंट. लाइटनिंग फक्त रक्त, आग किंवा बाथरूममध्ये पाल. खोटा लाइटनिंग लावला तर त्या दिवसाचा लाडू बंद.

भांडण झालं की दोघांनाही तीन-तीन मिनिटं. ट्रंक कॉलचा हिशेब तीन मिनिटांचा असायचा आणि वेळ झाली की ऑपरेटर मधे यायची. ठमी रडत रडत बाजू मांडत असते आणि आई घड्याळाकडे बघून शांतपणे म्हणते, "थ्री मिनिट्स ओव्हर. वाढवायचं का?" वाढवायचं असेल तर टेबल पुसावं लागतं. सहसा कोणी वाढवत नाही.

माझ्या कामाबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही. एकदा माझा शनिवार प्रॉडक्शनच्या एका तिकिटात गेला. मी वैतागून सांगत होतो की तिकीट उघडलं कधी, कोणी उचललं, किती वेळ लागला, सगळं लिहावं लागतं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आम्हीही प्रत्येक कॉलचं तिकीट लिहायचो. कधी बुक केला, कधी लागला, किती मिनिटं बोलले. एका पाळीत गठ्ठाच्या गठ्ठा. पण घरी येऊन तोंड नाही पाडायचो."

असो.

गेल्या वर्षभरात आईमध्ये काहीतरी बदललं. एकदम नाही. एकच गोष्ट ती दोनदा विचारायला लागली. विचारलेलं एक, उत्तर भलतंच. मिरजेच्या मावशीशी रोज अर्धा तास फोन असायचा, तो दोन मिनिटांवर आला. "तिचं तेच तेच असतं," म्हणाली. खालच्या भजनी मंडळात जाणं बंद झालं, कारण काय तर गुडघा. (गुडघा दाखवायचा का म्हटल्यावर गुडघा लगेच बरा झाला, पण भजन काही सुरू झालं नाही.) पाहुणे आले की ती नुसती हसत बसायची. आमची आई, आणि नुसती हसत बसते!

मग ते फॅन्सी ड्रेसचं प्रकरण झालं. ठमीला शाळेत ससा व्हायचं होतं. पांढरा फ्रॉक होता, शेपटीला कापूस होता, कान तेवढे आजी करून देणार होती. सकाळी आईने तिच्या हातात काय दिलं असेल? सोसायटीच्या कुंपणाजवळची अशोकाची पानं, छान धुऊन, दोऱ्याने बांधून. ठमीने 'सशाचे कान' सांगितलं होतं. आई म्हणाली, 'अशोकाचं पान' सांगितलं. बस दारात उभी. मी ठमीकडे बघितलं, आता भोकाड पसरणार म्हणून. तर ती म्हणाली, "चालेल. मी ससा, आणि हा माझा डबा." आणि गेली.

सगळे हसले. आईही हसली. रात्री बायको हळूच म्हणाली, "आई हल्ली विसरतात का रे? काल गॅसवाल्याचं दोनदा सांगितलं मी त्यांना."

त्या रात्री मी ते केलं जे माझ्यासारखे सगळे करतात. लॅपटॉप उघडून लक्षणं शोधत बसलो. स्मृतिभ्रंश, त्याचे टप्पे, काळजी कशी घ्यावी... दीड वाजेपर्यंत. प्रत्येक यादीतली चार-पाच लक्षणं आईला लागू होत होती. बायकोशी याबद्दल बोलायचं तर आम्ही खाली गाडीत जाऊन बसायचो, कारण घरात एक्स्चेंज! माझ्या डोळ्यांसमोर पुढची दहा वर्षं यायला लागली. आई मला ओळखत नाही, आई घराबाहेर पडून हरवली, असलं काहीबाही.

आणि मी तिच्याशी वेगळं वागायला लागलो. हे आता लिहितानाही बरं वाटत नाही. तिला काही विचारणं कमी केलं. निरोप ठेवणं बंद केलं. औषधांच्या डबीवर वार लिहून ठेवले. छोटी छोटी वाक्यं बोलायला लागलो. ती काही बोलली नाही. पण एकदा ताट घेता घेता म्हणाली, "तू हल्ली माझ्याशी बँकेतल्या पाटीसारखा बोलतोस."

मुलांचं मात्र वेगळंच चाललं होतं. ठमी संध्याकाळी अभ्यासाला स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट टाकून बसायला लागली. मला वाटलं वा, आजीमुळे शिस्त लागली. आणि बंडू शेजारच्या खोलीतून आजीला व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवायला लागला. 'आजी भूक', 'आजी क्लास ६ ला', 'आजी डबा मस्त होता'. दहा पावलांवर आजी आणि हा टाइप करतोय! माझं डोकंच फिरलं. "घरातल्या माणसाशी तोंडाने बोलता येत नाही?" असं म्हणून मी त्याचा फोन चार दिवस काढून घेतला. भाषण वेगळं दिलं. बंडू मान खाली घालून ऐकत होता, एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, चूक कळली.

पुढच्याच रविवारी ठमी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तीन झाल्या, चार झाल्या. आमच्याकडे डाळीला चार. पाचवी झाली, सहावी झाली. आठव्या शिट्टीला मी उठून आत गेलो. आई कुकरपासून दोन हातांवर पाठमोरी उभी राहून कोथिंबीर चिरत होती. नववी शिट्टी झाली. आईच्या खांद्याची हालचालसुद्धा झाली नाही. वर चिमणी घरघरत होती, ती मी बंद केली आणि गॅसही बंद केला.

आई वळली. माझ्याकडे बघितलं, गॅसकडे बघितलं. "ठमी आली का?" म्हणाली.

"ठमी कशाला?"

"काही नाही."

मी तसाच उभा राहिलो. मग तिने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले. "शिट्ट्या ती मोजते. शिट्टीला एक बोट वर करते. रोज एक लाडू ठरलाय."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? "कधीपासून?"

"लाइन खराब आहे रे," आई म्हणाली. "मागच्या पावसाळ्यापासून."

"मग १९८ ला तक्रार नाही का नोंदवायची?" मी म्हणालो. तो फोन बिघडल्याचा जुना नंबर. मी हसवायला म्हणालो होतो, पण माझाच आवाज नीट निघाला नाही.

"ऑपरेटरचा कान गेला म्हणून कुठे सांगायचं?"

म्हणजे मुलांना ठाऊक होतं. ठमीला शिट्ट्यांमुळे. आणि बंडूने म्हणे एकदा पाठीमागून तीन हाका मारून बघितल्या होत्या. चौथ्यांदा त्याने मेसेज टाकला, आणि आजीने वळून उत्तर दिलं. तेव्हापासून तो टाइप करत होता. आजीने "बाबाला सांगू नकोस" म्हटलं होतं, म्हणून फोन गेला तरी तो बोलला नाही. मी संध्याकाळी त्याच्या खोलीत गेलो आणि सॉरी म्हटलं. तो हेडफोन लावून बसला होता. "हं?" म्हणाला. परत म्हटलं. "हं?" तिसऱ्यांदा हेडफोन काढून, "काय?"

आई दारातून बघत होती. म्हणाली, "हा दिवसातून शंभर वेळा 'हं' म्हणतो. याला नाही नेत कोणी डॉक्टरकडे!"

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासायला एका काचेच्या खोलीत बसवतात ना, आवाज आला की बटण दाबायचं, तिथे पाठवलं. तिथल्या मुलीने आईच्या डोक्यावर हेडफोन चढवले. आणि आई एकदम ताठ बसली. अंबाड्यावरून पट्टी सारखी केली, खुर्ची पुढे ओढली. पंधरा वर्षांपूर्वी, २०१० साली, निवृत्त झालेली बाई पाळीवर बसली होती! मला काचेतून सगळं दिसत होतं. सुरुवातीला ती पटपट बटण दाबत होती. मग मुलगी एकेक चक्री फिरवत गेली, आणि आई डोळे मिटून, मान किंचित वाकवून वाट बघत राहिली. बाहेर मशीनवर दिवा लागत होता, म्हणजे आत आवाज जात होता. आई वाट बघत होती. बराच वेळ.

दोन्ही कानांना साधारण पन्नास डेसिबल, वयोमानाने. डॉक्टरांनी आलेख दाखवून समजावलं. वयाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. जाड आवाज टिकतात, बारीक आधी जातात. स, श, फ असली अक्षरं निसटतात. म्हणजे माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मधल्या जागा मेंदू अंदाजाने भरतो. त्यातून अशोकाची पानं निघतात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळात बारीक, त्यामुळे बायकोचं आणि ठमीचं तिला कमी कळायचं. माझा आवाज जाड. म्हणून मलाच शेवटी समजलं. आणि मी इकडे रात्री दीडपर्यंत यादीवर खुणा करत बसलो होतो. डॉक्टरांनी तिची स्मृतीही तपासली. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. आईने पाचही सांगितले आणि वर १९७५ सालातले सांगलीच्या चार व्यापाऱ्यांचे फोन नंबर सांगितले. ते बरोबर होते की नाही हे तपासायला आता कोणी उरलेलं नाही.

मशीनच्या जोडीची किंमत सांगितल्यावर आई म्हणाली, "हे मात्र स्पष्ट ऐकू आलं." आणि उठायला लागली. दोन दिवस वाद झाला. शेवटी बंडूने तोडगा काढला. मेसेज पाठवला, 'आजी लाइटनिंग कॉल'. आई त्याच्या खोलीत गेली. दार लावून दोघं काय बोलले ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. कोण किती मिनिटं बोललं तेही नाही. बाहेर येऊन आई म्हणाली, "घेऊन टाक."

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. आईला पंख्याचा आवाज सहन होईना, पेपर उलगडला तर कागद फाडतोय का म्हणून विचारायची. स्टीलची ताटं वाजली की दचकायची. दोनदा मशीन काढून डबीत ठेवलं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, रोज थोडं थोडं वाढवा, असं तिथल्या मुलीने सांगितलं होतं. त्या आठ दिवसांत मुलांनी जे केलं ते आम्हाला जमलं नसतं. त्या बॅटऱ्या इवल्याशा असतात, त्यांच्यावर तपकिरी स्टिकर असतो, तो काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. हे खातं ठमीकडे गेलं. बंडूने मशीन फोनला जोडून दिलं. आता मावशीचा फोन आला की आवाज थेट आईच्या कानात येतो. हातात काही नाही, आई कणीक मळतेय आणि बोलतेय, "हां, बोल. येतोय आवाज." आमच्या शेजारच्या काकूंना पहिल्यांदा वाटलं, आजी एकट्याच बोलायला लागल्या. परत अर्धा अर्धा तास चालू झालंय. मावशीचं तेच तेच असतंच, पण ते दोघींना चालतं.

तोटेही झाले. आम्हा नवरा-बायकोला पुटपुटायची सोय राहिली नाही. परवा बायको फ्रिजमध्ये तोंड घालून काहीतरी बोलली, तर बाल्कनीतून, "कढी आंबट नाही, ताक कालचं होतं." बायको म्हणाली, "तुम्हाला ऐकू आलं, आई?" "कानावर पडलं."

आणि आपलं भाषण सुरू झालं की आई सावकाश हात कानामागे नेते, हे माझ्या हल्लीच लक्षात आलंय. मशीनवर एक बारीक बटण असतं. परवा मी बंडूला मार्कांवरून समजावत होतो. बरंच समजावत होतो. आईचा हात वर गेला. मी थांबून विचारलं, "आई, बंद केलंस ना?"

तिने घड्याळाकडे बोट दाखवलं. "थ्री मिनिट्स ओव्हर."

ठमीचा प्रश्न मात्र अवघड होता. शिट्ट्या आता आजीला ऐकू येतात, म्हणजे तिची नोकरी गेली, पर्यायाने लाडू गेला. चार दिवस ती तोंड फुगवून हॉलमध्ये अभ्यासाला बसली. पाचव्या दिवशी बघतो तर परत ओट्याखाली पाट टाकून. मी म्हटलं, का गं? तर आई म्हणाली, "मीच बोलावलं. एका कानावर बोर्ड सोडत नाहीत, पाळीला दुसरी बाई लागते." कुकरची शिट्टी झाली. ठमीने बोट वर केलं.

"चार," आई म्हणाली.

"तीन!" ठमी म्हणाली. "मधली शेजाऱ्यांची होती."